लाकूड लांबीला वाढत नाय

"ताई, एक केस द्या."

आमच्या मिस्त्रींनी असं म्हटलं की समजायचं, जोड बसवून झाला. दोन लाकडं जिथे भेटतात तिथे ते केस आत सरकवून बघत. सरकला नाही तर काम पास, सरकला तर सगळं उकलून पुन्हा. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर शोधूनही केस मिळाला नसता, म्हणून माझ्या वेणीवर संक्रांत. "मला टकली करूनच थांबणार तुम्ही," असं मी चिडवायचे. ते हसत नसत. केस उजेडात धरून बघत आणि जोडाकडे वळत.

नव्वदनंतर मी नाशिकला घरांच्या इंटिरियरची कामं घ्यायला लागले, तेव्हापासून ते माझ्याकडे होते. मूळचे नामपूरकडचे. बोलणं मोजकं आणि हाताचा अभिमान भलताच. कॉलेज रोडवरच्या एका बाईंनी एकदा कपाटासाठी घाई केली. "आज पाहिजे का चांगलं पाहिजे?" मिस्त्रींनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता रंधा मारायला लागले. असे कारागीर तुम्हीही पाहिले असतील. राग येतो, पण काम दुसऱ्याला द्यावंसं वाटत नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी गंगापूर रोडला एका बंगल्याच्या गच्चीवर डेक, म्हणजे फळ्यांची जमीन, करायचं काम आलं. लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक एकत्र करून केलेल्या फळ्या तेव्हा बाजारात नव्यानेच आल्या होत्या. दुकानदाराने बजावून सांगितलं होतं की दोन फळ्यांच्या टोकांमध्ये आणि कठड्यापाशी फट ठेवा, उन्हाने त्या वाढतात. मी ते मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"ताई, लाकूड रुंदीला फुगतं. पावसाळ्यात दार अडकतं ते त्याच्यामुळं. लांबीला नाय वाढत. उभ्या जन्मात नाय पाहिलं."

लाकडापुरतं ते अगदी खरं होतं. मी पुन्हा सांगितलं, ते "बरं बरं" म्हणाले. जानेवारीतल्या कडाक्याच्या थंडीत, कानाला मफलर बांधून त्यांनी डेक केला आणि फट काही ठेवली नाही. "तुमचं ऐकलं, ताई. पण हाताला पटलं नाय," एवढंच म्हणाले. दिसायला इतका देखणा डेक झाला होता की घरमालक, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, चप्पल काढून त्यावर फिरले.

एप्रिलमध्ये त्याच गृहस्थांचा फोन आला. आम्ही दुपारी गेलो तर जोडाजोडाला फळ्या वर उचललेल्या. मिस्त्री तसेच जिना उतरले. घरी गेले, हत्यारं गोणपाटात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली.

"हात गेला, ताई," मी भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले. "साठीला आलो. डोळ्याला बी नीट दिसत नाय. दुसरा माणूस बघा."

मी दुकानदाराच्या बोलण्याची आठवण करून दिली. त्यांना वाटलं, मी त्यांची समजूत काढतेय. दारापर्यंत सोडायला आलेली त्यांची बायको हळूच म्हणाली, "पाण्याचा पेला बी दोन हातांनी धरतात हो आता. सांडेल म्हणतात." डेकचं काय, तो पुन्हा करता आला असता. ज्या हातावर हा माणूस उभा होता त्याच्यावरचा त्याचा विश्वासच उडाला होता.

फळ्या काढायच्या म्हणून मी एकदा सकाळी लवकर त्या गच्चीवर गेले आणि बघतच राहिले. दुपारी उचललेले जोड खाली बसले होते. माणसाचा हात बिघडला तर त्याचं काम सकाळी सरळ आणि दुपारी वाकडं होईल का? मी तशीच मिस्त्रींकडे गेले. "हत्यारं नकोत. तुम्ही फक्त चला."

गच्चीवर त्यांनी फळ्यांवरून तळवा फिरवला. "कोणी बसवल्या?"

"कोणी नाही. बसा इथे."

आम्ही कठड्याच्या सावलीत बसलो. ऊन चढलं, चहा झाला, बायकोने बांधून दिलेली भाकरी झाली. मग कुठेतरी टक् वाजलं. मिस्त्री गुडघ्यांवर रांगत जोडापाशी गेले. हात लावला, चटका बसला, तरी पुन्हा लावला. एक फळी दुसरीला रेटत होती आणि दोघी मिळून वर चढत होत्या.

"लांबीला वाढतंय!" ते ओरडले. "ताई, हे लाकूडच नाय! माझा हात नाय गेला!"

आवाज ऐकून घरमालक वर आले. "मिस्त्री, माझी गच्ची फुगलीय आणि तुम्ही हसताय?"

"लय बेस फुगलीय, साहेब," मिस्त्री डोळे पुसत म्हणाले. मग एकदम माझ्याकडे वळले. "उद्यापासून येऊ का कामावर?"

सगळा डेक त्यांनी उकलला आणि प्रत्येक टोकाला फट ठेवून पुन्हा केला. ती फट त्यांच्या डोळ्यांत सलत राहिली. गच्चीवर कोणीही आलं की आधी सांगत, "ही मुद्दाम ठेवलीय हां." एकदा तर गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला वर बोलावून हे समजावलं.

त्यानंतर अनेक वर्षं ते माझ्याकडे काम करत होते. मग एका पहाटे झोपेतच गेले. मी भेटायला गेले तेव्हा त्यांची बायको भिंतीला टेकून बसली होती. तिने मला जवळ बसवून घेतलं.

"काल दिवे लागेपर्यंत कामावर होते, ताई. घरी येऊन एका हातानं घटाघटा पाणी प्याले आणि म्हनले, दार झ्याक बसलं."

मला रडू आलं. पण खरं सांगते, त्या रडण्यातही फार हायसं वाटलं.