रिकाम्या हातांचे नऊ दिवस

साहेबांनी माझी वही उचलली आणि सगळ्यांना दिसेल अशी टेबलाभोवती फिरवली.

"बघा. आमच्या केमिस्ट मॅडम सेफ्टी ऐकतायत."

वहीच्या कडेला मासे होते. खवले भरलेले, एकाच्या तोंडात दुसऱ्याची शेपटी. खाली जाळी, दोन कुलपं आणि पानभर पसरलेला कारल्याचा वेल. पंधरा-सोळा माणसं हसली. तळोज्यातला केमिकलचा कारखाना, सकाळी आठची मीटिंग. कुठली लाइन बंद, कुठला पंप चालू, आज काय उघडायचं, काय नाही, हे सगळं तिथं ठरतं.

"घरी अभ्यासाचं वळण नसलं की असं होतं," साहेब म्हणाले. "डिग्री मिळते हो कोट्यातून. लक्ष देऊन बसणं कुठून मिळणार?"

मग त्यांनी माझ्या बोटांतला पेन काढून घेतला. स्वतःच्या खिशाला लावला.

"उद्यापासून हात टेबलावर. दोन्ही. रिकामे."

आणि मी काय म्हणाले? "सॉरी सर." दुसरं काही नाही. आजही ते आठवलं की कानशिलं तापतात. माझ्याच शेजारी नवा इंजिनियर बसायचा. तो टॅबवर गाड्या काढायचा, रोज, साहेबांच्या समोर. त्याला साहेब कौतुकानं 'क्रिएटिव्ह' म्हणायचे. दोघांची आडनावं एका गावात एका आळीत सापडणारी. मी एवढंच सांगते, बाकीचं तुम्हाला कळतं.

आता त्या रेघोट्यांचं सांगते. पंपाचं बोलणं चालू असलं म्हणून मी पंप काढत नाही. हात आपला फिरत असतो. पण नंतर त्या रेघेवर बोट ठेवलं की तिथं असताना कानावर पडलेलं वाक्य परत ऐकू येतं. वेलाच्या तिसऱ्या पानावर, 'बॉयलर गुरुवारी दोन तास बंद.' माशाच्या शेपटीवर, 'टँकर दुपारनंतर, गेट दोननं.' हात थांबला की माझं मन उठून चालू लागतं. खांदेश्वरच्या घरात जातं, गॅस बंद केला का बघतं, कुणाकुणाशी भांडून येतं. हात चालू असला की ते गपगुमान बसतं. का, ते मला माहीत नाही. माझं डोकं असं आहे.

आईचं तसंच आहे. आमचं मूळ गाव जालन्याकडचं. आईला अक्षर येत नाही. पावसाळ्यात, वर्षावासात, विहारात ग्रंथवाचन असतं, तेव्हा ती पदराच्या ओट्यात लसूण घेऊन बसते. सोलत सोलत ऐकते. घरी येऊन सगळा अध्याय सांगते, एक माणूस इकडचा तिकडं होत नाही. विहारात तिला कुणी कधी म्हणालं नाही, की बाई, लसूण खाली ठेव. मला मात्र सातवीत बाईंनी बाकावर उभं केलं होतं, वहीतल्या नक्षीसाठी. तेव्हाही मी सॉरीच म्हणाले होते.

त्या दिवशी एक माणूस हसला नव्हता. काशिनाथकाका. जुने ऑपरेटर, तिथल्याच गावचे, आगरी. कारखान्याची मागची भिंत उभी आहे ती जमीन त्यांच्या चुलत्यांची होती. मला वही घेऊन येताना बघितलं की म्हणायचे, "ए बाय, आज जिताडा काढ. मोठा काढ, घरी कालवनाला नेतो." मी काढायचे. त्या दिवशी मीटिंगमधून बाहेर पडताना ते म्हणाले, "तो पेन काय त्याच्या बापाचा हाय? मागून घे." मी नाही मागितला. भ्यायले.

दुसऱ्या दिवसापासून हात टेबलावर. दोन्ही. रिकामे. तळवे काचेवर, बोटं सरळ. सगळं लक्ष बोटांवर. हलली का? साहेबांनी बघितलं का? नजर त्यांच्या ओठांवर ठेवायची, मान अधूनमधून हलवायची. त्यांचे ओठ हलताना दिसायचे आणि आत काहीच उतरायचं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी सगळ्यांदेखत शाबासकी दिली. "आता कसं? आता लक्ष लागतंय." मी हसले. अरे देवा, मी चक्क हसले.

मीटिंग संपता संपता रजिस्टर फिरतं. वर छापलेलं असतं, 'खालील सूचना मला समजल्या.' आमच्याकडे त्याची एक रीत आहे. सूचनांची जागा कोरी असते. चहा आलेला असतो, सगळे घाईत, पटापटा सह्या होतात. सूचना नंतर केबिनमध्ये भरल्या जातात. वर्षानुवर्षं असंच चाललंय. मीही करत होते. मला वाटायचं, माझ्या वहीत आहे ना सगळं, मग काय टेन्शन.

नवव्या दिवशी, अकराच्या सुमाराला, काकांनी कॉस्टिक सोड्याच्या लाइनचा जोड उघडला. आधीचा व्हॉल्व त्यांनी बंद केला होता. पण तो आतून गळत होता. लाइन भरलेलीच होती. फवारा चष्म्याच्या खालून आत गेला.

मी लॅबमधून धावले. त्यांना शॉवरखाली धरलं. कॉस्टिकनं कातडी साबणासारखी बुळबुळीत होते, मनगट हातातून निसटत होतं. मी बोटांनी त्यांच्या पापण्या उघड्या धरल्या आणि पाणी सोडलं. ते ओरडत नव्हते. "पानी आलं का? पानी आलं का?" एवढंच विचारत होते. पाणी त्यांच्या तोंडावरून वाहत होतं तरी विचारत होते.

एक डोळा गेला. दुसऱ्याला उजेड आणि सावली कळते, बस्स.

आठवड्यानं रजिस्टर बाहेर आलं. त्या दिवसाच्या पानावर सुवाच्य अक्षरात, 'कॉस्टिकचा व्हॉल्व गळत आहे. लाइन उघडू नये.' खाली काकांची सही. त्याखाली माझी. म्हणजे सांगितलं होतं, काकांनी ऐकलं नाही, चूक काकांची.

मी त्यांच्या घरी गेले. ते ओटीवर बसले होते, तोंड माझ्या आवाजाच्या जरा डावीकडे.

"मना काय आठवत नाय गो बाय," ते म्हणाले. "त्या दिसाचं सगलं पुसून गेलंय. तू होतीस ना मीटिंगला? तुला तर सगलं आठवतं. तू सांग. तो बोललेला का नाय?"

मी वही उघडली. नऊ दिवसांची नऊ पानं. वर तारीख, खाली काही नाही. मी कोऱ्या पानावर बोट ठेवलं. फिरवलं. साहेबांचे ओठ दिसले. माझी दहा बोटं दिसली, नखांसकट. आवाज नाही.

काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "नाय बोलला, असं सांग ना. तुझं काय जातं?" खरंच, माझं काय गेलं असतं? पण मला माहीत नव्हतं. तो बोलला नाही हे माहीत नव्हतं, बोलला हेही नव्हतं. मी काकांना म्हणाले, "काका, मला आठवत नाही." त्यांनी तोंड माझ्या आवाजाकडे वळवलं. मग म्हणाले, "तुला पन नाय?" ते तीन शब्द माझ्या मागे आहेत. मी भांडी घासते, मागे आहेत. पंख्याखाली पडते, मागे आहेत. पापण्या धरल्या होत्या ती दोन बोटं मी सारखी धुते.

परवा केबिनमध्ये बोलावलं. कागद टाइप करून तयार होता. 'सदर सूचना सकाळच्या मीटिंगमध्ये माझ्यासमक्ष देण्यात आली.' बाकी सगळ्यांच्या सह्या झालेल्या. इंजिनियरचीही. साहेबांनी खिशातला पेन काढून पुढे केला. माझाच पेन.

"सही कर."

"मला आठवत नाही सर."

"रजिस्टरला सही आहे तुझी."

"कोऱ्या जागेखाली केली होती. सगळेच करतात. ती चूक माझी. ही करणार नाही."

"म्हणजे मी बोललोच नाही असं म्हणायचंय तुला?"

"नाही. ऐकू आलं नाही, असं म्हणायचंय. आणि का नाही आलं तेही लिहिणार आहे."

मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला माझ्या हातानं लिहिलं. माझा पेन कुणी घेतला, कुठल्या तारखेला, काय शब्द वापरून. 'कोट्यातून' हा शब्द अवतरणात घातला. त्याआधीच्या सगळ्या मीटिंगा मी अजून तोंडपाठ सांगू शकते, हवी ती तारीख विचारा, हेही लिहिलं. त्यानंतरचे नऊ दिवस माझ्याकडे नाहीत. आणि रजिस्टर कोरं असताना सह्या होतात, हे. खाली सही केली. साहेब म्हणाले, "नोकरीची गरज नाही वाटतं." गरज आहे. भयंकर गरज आहे. मी त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढला.

काकांना त्यानं न्याय मिळेल की नाही, मला माहीत नाही. त्यांचा डोळा परत येणार नाही. माझे नऊ दिवसही नाहीत. त्या दिवशी पेन मागून घेतला असता तर आज मी 'हो' किंवा 'नाही' काहीतरी ठामपणे सांगू शकले असते. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि मला कुणी विसरायला सांगू नये.

उद्या माझी चौकशी आहे. गैरवर्तनाची. समोर तीन जण बसणार, साहेब धरून. मी वही घेऊन जाणार. त्यांच्या पहिल्या प्रश्नाबरोबर रेघ ओढायला लागणार, त्यांच्या डोळ्यांदेखत. कुणी म्हणालं हात रिकामे ठेव, तर म्हणणार, नाही ठेवत. आणि ते तिघं जे जे बोलतील, ते शब्दन् शब्द लक्षात ठेवून बाहेर येणार.