वच्छलाबाईंच्या सायकली

रुपराव गजभिये रामदासपेठेतल्या एका बँकेत कर्ज अधिकारी होते. टेबलाशी बसून त्यांना माणूस कळत नसे. अर्ज आला की ते एसटीने गाव गाठत, अर्जदाराच्या घरचा चहा पीत आणि मगच सही करीत.

एकाहत्तर साली सावनेरहून वच्छलाबाई आली. नवरा वारल्यापासून त्याचं पंक्चरचं दुकान तीच चालवत होती. आता तिला तासाच्या भाड्यानं द्यायला सायकली घ्यायच्या होत्या.

"तुम्हाला सायकल चालवता येते?" मॅनेजरांनी विचारलं.

"नाही जी."

"मग गिऱ्हाईकानं परत आणलेली सायकल चालवून कशी बघणार?" त्यांनी अर्ज बाजूला सारला.

पण बाईचं दुकान रुपराव पाहून आले होते, आणि बाई त्यांना पटली होती. रविवारी तिला सायकल शिकवायला ते सिंधूताईंना, म्हणजे बायकोला, घेऊन सावनेरला गेले. परक्या बाईची सायकल आपण धरणं गावात बरं दिसलं नसतं.

शाळेच्या मैदानावर सिंधूताईंनी कॅरिअर धरलं आणि रुपराव लांबून सांगत राहिले. वच्छलाबाई पडली, उठली, पुन्हा पडली. कुंपणाशी माणसं हसत उभी होती.

"साहेब, पाय लुगड्यात अडकून राहिला."

"कासोटा घट्ट खोच वं," सिंधूताई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी सायकल सुटली ती फाटकाबाहेर गेली आणि दिसेनाशी झाली. रुपराव घाबरून मागे धावले. बाई थेट एसटी स्टँडाला वळसा घालून परत येत होती.

"भाऊ, धरा ना! मले उतरता येत नाही."

गावाचा विचार सोडून रुपरावांनी हँडल धरलं.

सोमवारी त्यांनी मॅनेजरांना सगळं सांगितलं. मॅनेजर मान खाली घालून हसले आणि अर्ज मंजूर झाला. पहिल्या वर्षी भाड्यानं पोरंच सायकली नेत. मग दुकानात बाईमाणूस आहे म्हणून आयांनी मुलींनाही पाठवायला सुरुवात केली.

पण हे सगळं व्हायच्या आधी, त्या दुसऱ्या रविवारी, परतीच्या एसटीत सिंधूताई रुपरावांकडे वळल्या.

"आता मले शिकवा," त्या म्हणाल्या.

"तुले काहून?"

"काहून म्हंजे? कॅरिअर धरून धरून माझे हात दुखून राहिले."

पुढच्या बुद्धपौर्णिमेला सिंधूताई पांढरं पातळ नेसून सायकलवरून विहारात निघाल्या. मागे रुपराव खिरीचा डबा मांडीवर धरून बसले होते. वळणावर त्यांनी डोळे मिटून घेतले.