प्रूफवाल्यांचं पत्र

खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना सगळे प्रूफवालेच म्हणत. छापखान्यात त्यांनी चौतीस वर्षं प्रूफं तपासली. मजकुरात शिरायचं नाही, शिरलं की चुका निसटतात, ही त्यांची कामाची रीत.

बायको गेल्यानंतर एका दुपारी ते जिना चढून माझ्याकडे आले. "वहिनी, तुमचा रोजचा लिहिण्याचा हात आहे. हे जरा बघा." लेकीला लिहिलेलं पत्र होतं. सात वर्षं ती त्यांच्याशी बोलत नव्हती.

पत्र नेटकं, एक काना इकडचा तिकडे नाही. 'जे घडले त्याबद्दल अतीव खेद वाटतो.'

"काय घडलं? नळ फुटला?" मी विचारलं.

"तिला माहीत आहे."

"तुम्हाला माहीत आहे का, ते तिला कळायला नको?"

"तुम्हाला कॉन्व्हेंट शाळेत हेच शिकवलं वाटतं!" असं ऐकवून ते तणतणत खाली गेले.

चार दिवसांनी दुसरा खर्डा आला. खेद गेला होता, 'गैरसमज' आला होता. त्याखाली मी पेन्सिलीने रेघ ओढली. तिसऱ्यात बायकोचं आजारपण, कामाची घाई, चष्म्याचा नंबर.

"ही वकिली झाली. तुम्ही काय केलंत, तेवढंच लिहा."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग माझ्याच टेबलावर लिहिलं:

'तुझं मूल गेल्याचं तू कळवलंस. तू हॉस्टेलात असताना तुझी पत्रं सुधारून परत पाठवायचो, तसंच तेही पत्र पाठवलं. लाल शाईने सहा चुका दुरुस्त करून. मूल गेलं, हे मी वाचलंच नव्हतं.'

"काही बदलायचं?"

"पाकिटात घाला."

तीन आठवडे टपालाच्या वेळी ते जिन्याखाली उभे असत. मी दिसले की विजेचा मीटर बघितल्यासारखं करत. शेवटी उत्तर आलं. धापा टाकत वर येऊन त्यांनी मला वाचून दाखवलं: 'पत्र मिळालं. तिचं नाव आम्ही ठेवलं होतं. तुम्ही कधी विचारलं नाहीत.'

"आता काय लिहू, वहिनी?"

"नाव विचारा."

त्यांनी विचारलं असणार. तो खर्डा त्यांनी मला दाखवला नाही, त्यानंतरचेही नाहीत. आता भेट होते ती जिन्यातच. "टपाल निघेल, वहिनी!" म्हणत पाकीट घेऊन भरभर उतरतात. दुपारी दारावर थाप पडल्यासारखी वाटते. उघडते, तर कोणी नसतं.