मेतवल्लीची बुडवलेली नाव

आमच्या सुएझमध्ये मेतवल्लीला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्याच्याशी एकदा तरी भांडला नाही असाही नव्हता. तो आमच्या नावेचा मालक, मी त्याचा वल्हेकरी. कालव्यात शिरणारं जहाज आम्हाला नावेसकट क्रेनने उचलून डेकवर घेई. वाटेत जहाज काठाला बांधायची वेळ आलीच, तर नाव खाली सोडून दोरखंड काठावर न्यायचा, हे आमचं काम. ती वेळ क्वचितच येई. तोवर मेतवल्ली डेकवर चादर पसरून खलाशांना चामड्याचे उंट विकत बसे.

वर्तमानपत्र त्याने कधी हातात धरलं नाही. कुठलं जहाज भरून आलं, कुठलं रिकामं, कोणाचे खलाशी गप्प गप्प आहेत, एवढ्यावरून जगात कोणाचं कोणाशी बिनसलंय ते तो सांगे. आणि पुष्कळदा ते खरं निघे. "युरोपातल्या चुली आपल्या दोरखंडाला बांधल्यात," असं म्हणताना त्याची छाती फुगे.

सदुसष्टच्या जूनमध्ये लढाई पेटली आणि कालवा बंद पडला. बॉम्बने नाव फुटू नये म्हणून आम्ही दोघांनी तिच्यात दगड भरले आणि काठाजवळच्या उथळ पाण्यात ती बुडवली. उन्हात ठेवली असती तर फळ्या उकलल्या असत्या. महिन्याभराचा तर प्रश्न होता. कोणाला काही सांगितलं नाही. चोर काय कमी होते?

मग अख्खं शहरच रिकामं करण्यात आलं. मेतवल्ली, त्याची बायको नफीसा आणि तीन पोरं दूरच्या एका खेड्यात शाळेच्या वर्गात राहू लागली. शेजारच्या वर्गात मी. फळ्याखाली चूल मांडलेली. मेतवल्ली हातगाडीवर शेंगदाणे विकी आणि रोज सांगे, "पुढच्या महिन्यात कालवा उघडतोय." त्या भरवशावर त्याने तिथे साधी खाट घेतली नाही. "चार दिवसांसाठी कशाला?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. मला त्याचा राग यायचा, कारण मीही त्याच आशेवर बसलो होतो.

शेवटी नफीसाने बांगडी मोडून शिलाईचं मशीन आणलं आणि दोन खोल्या मिळवल्या. एकदा माझ्यादेखत तिने त्याला सुनावलं, "जहाजं आता आफ्रिकेला वळसा घालून जातात म्हणे. जगाने तुमच्यावाचून भागवून घेतलं. आम्हीही घेतलंय. तुमचंच तेवढं राहिलंय."

मेतवल्ली त्या दिवशी जेवला नाही.

आठव्या वर्षी कालवा साफ झाला आणि या वेळी खरोखरच उघडायची तारीख जाहीर झाली. आम्ही दोघे निघालो तेव्हा नफीसा दारात उभी होती. "आधी नाव पाण्यावर दाखवा. मग मी सामान बांधते. नाहीतर पोरं आणि मी इथेच बरी."

सुएझच्या काठावर पाणबुडे काम करत होते. त्यांच्या अधिकाऱ्याच्या यादीत आमची नावही होती: 'बुडालेली'.

"बुडालेली नाही, साहेब," मेतवल्ली म्हणाला, "आम्ही ठेवलीय ती."

अधिकारी आधी हसला. मग त्याने समजावलं, की आत दगडांमध्ये न फुटलेला तोफगोळा रुतून बसलाय, हात लावायची सोय नाही. आम्हाला लांब उभं केलं. धमाका झाला, पाणी उसळलं आणि निळ्या रंगाच्या चार फळ्या तरंगत बाजूला आल्या.

"माझ्या चुलतभावाची नाव आहे," मी म्हणालो. "निळा रंग फासू, वहिनीला दाखवू. तिला काय कळतंय?"

मेतवल्ली दोन दिवस विचार करत होता. तिसऱ्या दिवशी आम्ही खेड्यात गेलो. नफीसा अंगणात कपडे वाळत घालत होती.

"काय हो," ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात का?"

"नाव गेली," मेतवल्ली म्हणाला. "आत गोळा होता, फोडावी लागली. दुसरी कधी होईल मला माहीत नाही. होईल की नाही, तेही माहीत नाही."

तिने हातातला कपडा दोरीवर टाकला. मला वाटलं, आता दार लावून घेणार.

"आठ वर्षांत एकदा तरी असं बोलला असतात," ती म्हणाली आणि दोरीवरचे कपडे ओलेच ओढून गाठोड्यात बांधू लागली.