ऑर्लाचं मधलं नाव

अँगसीना मॅकॉलेला लहानपणी स्वतःच्या नावाचा भारी राग होता. अँगस हे तिच्या काकाचं नाव. तो मासेमारीला गेला, परत आला नाही आणि त्यानंतर घरात पहिलं मूल जन्मलं ते ही. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर समुद्रानं नेलेल्या माणसाचं नाव घरातल्या पुढच्या पोराला द्यायचं, आणि मुलगी झाली तर त्याच नावापुढे 'ईना' लावून मोकळं व्हायचं. शाळेत तिच्या बाकावर एक केनेथीना होती, पुढच्या बाकावर हेक्टरीना. शेजारची डोलीना आपल्या बुडालेल्या डोनल्डमामाचं नाव, जरा आखूड होऊन का होईना, मिरवत होती. बाईंनी हजेरी घेतली की निम्मे बुडालेले 'हजर' म्हणायचे.

पुढे तालुक्याच्या शाळेत पोरी तिच्या नावाला फिदीफिदी हसल्या, तेव्हा ती रडत घरी आली. आजीनं तिला शेगडीजवळ ओढलं.

"नाव ठेवलं नाही तर माणूस पाण्यातच राहतो गं," आजी म्हणाली. "तू आहेस म्हणून माझा अँगस रोज घरी जेवतो. घे, अजून एक बटाटा घे."

त्या दिवसापासून अँगसीनानं नावाबद्दल कुरकुर केली नाही.

पुढचं आयुष्य चारचौघींसारखं गेलं. परसातल्या पत्र्याच्या खोपीत माग होता, त्यावर ती लोकरीचं कापड विणायची. टॉर्किलशी लग्न झालं, मुलगी किर्स्टीन झाली, मग मुलगा हेक्टर. एकोणिसाव्या वर्षी हेक्टर कोळंबीच्या बोटीवर गेला आणि नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी बोटीसकट गेला. बोटीची एक फळी मिळाली. तो मिळाला नाही, त्यामुळे थडगं नाही, दगड नाही, नाव कोरायला जागासुद्धा नाही.

पाद्री घरी प्रार्थनेला आले तेव्हा अँगसीनानं सगळ्यांना चहा ओतला, रडली नाही. त्यानंतर त्या घरात हेक्टरचं नाव कुणी घेतलं नाही. टॉर्किल काही दिवस 'तो' म्हणायचा, मग तेही थांबलं, मग टॉर्किलच गेला. अकरा वर्षं तिनं त्या नावाचा ब्र काढला नाही. पण मनात एकच हिशोब होता: किर्स्टीनला मूल होईल आणि हेक्टर घरी येईल.

किर्स्टीन दूर ब्रिस्टलला नर्स. नवराही तिकडचाच, सायमन. एकोणचाळिसाव्या वर्षी दिवस गेले. डॉक्टर म्हणाले, हे एकच, आता पुढे नाही. एका रविवारी प्रार्थनेनंतर तिचा फोन आला.

"आई, मुलगी आहे! ऑर्ला ठेवायचं ठरलंय. मधल्या नावावर मात्र घोडं अडलंय. सायमन म्हणतो छोटं हवं, ऑर्लाला शोभणारं. रोज, मे, ग्रेस... मोठ्यानं म्हणून म्हणून तोंड दुखलं आमचं. तुला काय वाटतं?"

अँगसीनाच्या मनात एकच नाव होतं, हेक्टरीना. पण ती बेटावरची बाई. इथं नाव मागायचं नसतं, ते समोरच्यानं आपणहून द्यायचं असतं.

"तुमचं पोर, तुम्ही ठरवा," ती म्हणाली.

डोलीनाला हे कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. "अगं शहाणे, पोरीनं दार उघडलं आणि तू आतून कडी घातलीस!"

"मागून घेतलेलं नाव भिकेचं."

"आणि न मागता तिला कसं कळणार? ती काय तुझ्या पोटात शिरून बघणार आहे?"

"तिचा भाऊ होता तो. तिला कळेल."

एवढ्या विश्वासावर ती मागावर बसली. निळसर राखाडी लोकरीचं छोटं पांघरूण विणलं आणि कोपऱ्यात लाल धाग्यानं दोन अक्षरं भरली, ऑर्लाचं 'ओ' आणि त्यापुढे 'एच'. मनातल्या मनात मांडे खायला कुणाचं काय जातं? फोनवर बाळाची खबर आली तेव्हाही तिनं पूर्ण नाव विचारलं नाही. समोर ऐकायचं होतं तिला.

तीन महिन्यांच्या ऑर्लाला घेऊन किर्स्टीन एकटीच आली. दुपारी डोलीना बाळाला बघायला आली. तिच्या जिभेला हाड नाही. टोपीसुद्धा न काढता तिनं विचारलं, "पूर्ण नाव काय गं हिचं?"

"ऑर्ला ग्रेस."

डोलीनानं अँगसीनाकडे पाहिलं. अँगसीना पावाला लोणी लावत होती, ती लावतच राहिली.

डोलीना गेल्यावर किर्स्टीननं बाळाला गुंडाळायला म्हणून आईची पेटी उघडली आणि त्यातलं ते निळसर पांघरूण काढलं. कोपरा हाताला लागला तशी ती थांबली.

"आई, हे एच कशाचं?"

अँगसीनानं लोण्याचं भांडं झाकून ठेवलं. किर्स्टीन पांघरूण घेऊन खालीच बसली.

"मी लिहिलं होतं ते नाव, यादीत सगळ्यात वर. सायमनला म्हटलं, शोभो न शोभो, हेच. मग मीच खोडलं." तिनं वर पाहिलं. "अकरा वर्षांत तू एकदा तरी त्याचं नाव घेतलंस? फोटो उतरवलेस. मी एकदा घ्यायला गेले तर उठून खोपीत गेलीस. मला वाटलं, पोरीला हाक मारताना दरवेळी तुझ्या काळजात सुरी फिरेल. तुझ्यासाठी खोडलं गं मी."

अँगसीनानं टेबलावरचे पावाचे कण गोळा केले.

"अजून बदलता येतं," किर्स्टीन म्हणाली. "वर्षाच्या आत बदलून मिळतं. मी परत गेल्या गेल्या अर्ज देते. फक्त तू एकदा म्हण. तुला हवंय ना? मग नाव घे त्याचं. एकदाच, आई."

अँगसीनानं तोंड उघडलं. ते नाव आत होतं, रोज होतं, मागाच्या प्रत्येक ठोक्याला होतं. पण बाहेर काढलं असतं तर तो खरंच गेला, हे तिला स्वतःच्या कानांनी ऐकावं लागलं असतं. बाळानं एक जांभई दिली.

"चुकून भरलं गेलंय ते," अखेर अँगसीना म्हणाली. "आण इकडे, उसवून देते."

"आई!"

"ग्रेस चांगलं आहे. शोभतं तिला."

तिनं कात्री घेतली, खिडकीशी बसली आणि लाल धागा टाक्याटाक्यानं काढला. किर्स्टीननं पुन्हा विचारलं नाही. ती आईचीच लेक होती. शनिवारी ती बाळाला घेऊन बोटीनं परत गेली.

सोमवारी डोलीना कुंपणापाशी आली. "काय गं, बोललीस का तिच्याशी?"

"बोलायचं काय त्यात?" अँगसीना म्हणाली आणि मागावर जाऊन बसली.