बाबांनी मला पिस्तूल धरायला शिकवलं

माझ्या सासऱ्यांनी मला पिस्तूल चालवायला शिकवलं.
आज सकाळी ते गेले.

खूप जणांचे फोन आले, सगळ्यांशी बोलणं झालं नाही. म्हणून इथे लिहितेय.

महेश, माझा नवरा, गोव्याहून ड्यूटी करून येताना हायवेवर अपघातात गेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती.
सासूबाई त्याच्याही आधी गेलेल्या. कणकवलीजवळच्या त्या घरात उरलो आम्ही दोघंच. मी आणि बाबा.

माझा भाऊ दोडामार्गवरून मला न्यायला आला होता. मी गेले नाही. का, ते तेव्हा कळत नव्हतं. एवढंच वाटलं, आपण गेलो तर या माणसाला चहा कोण देणार?

बाबा फौजेतून रिटायर झालेले. नंतर काही वर्षं एका बँकेत सिक्युरिटीला होते. तेव्हाचं लायसन्सचं रिव्हॉल्वर घरात कपाटात असायचं.
महेशचं दहावं व्हायच्या आधीच बाबा ते घेऊन पोलीस स्टेशनला गेले आणि जमा करून आले.
सुतकात हे काय सुचलं यांना, असं भावकीत सगळे म्हणाले. मलाही तेच वाटलं.

पुढे बाबांच्या एका फौजी मित्राने कणकवलीत काजूच्या जुन्या गोडाऊनमध्ये एअर पिस्तूलचा क्लब सुरू केला. बाबा शिकवायला जायचे. मला घरात एकटीला ठेवायचं नाही म्हणून स्कूटरवर मागे बसवून न्यायचे.

मी कोपऱ्यात खुर्चीवर बसायची. कोणाशी बोलायची नाही.

एक दिवस म्हणाले, "उठ गो. उभी रव."

टार्गेट नाही, छर्रा नाही. समोर नुसती पांढरी भिंत.

"हातात घेतलंस काय पयला उघडून बघूचा. मी रिकामा आसा म्हटलंय, तरी बघूचा."
"तुमच्यावर पण विश्वास नाही ठेवायचा?"
"हत्याराच्या बाबतीत देवावर पण नाय."

नळी कायम समोर. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. कितीतरी दिवस एवढंच.

मग छर्रे आले, टार्गेट आलं.
"टार्गेट धुरकट दिसला तरी चलात. नळीच्या टोकावरची पुढची साइट स्पष्ट दिसाक होई. आणि ट्रिगर ओढू नको, दाबत रव. कधी सुटला ता तुका पण कळता नये."

एकदा नेम धरला आणि पुढची साइटच दिसेना. डोळे भरून आलेले. महेश गेल्यापासून मी लोकांसमोर रडले नव्हते.

बाबा मागेच उभे होते. हळूच म्हणाले,
"बोट भायर काढ. पिस्तुल टेबलार ठेव. नळी समोर."

मी ठेवलं.

"आता रड."

मी रडले. बाबा बाजूला नुसते उभे राहिले.
"रडताना हातात हत्यार नको, बाय. रडान झाला काय परत उचल."

बाबा तसे फार गोड बोलणारे नव्हते हं.
क्लबच्या कार्यक्रमाला एक पाहुणे आले होते. फोटोसाठी पिस्तूल थेट कॅमेऱ्यावर रोखलं. बाबांनी सगळ्यांसमोर त्यांचं मनगट धरून समोरच्या भिंतीकडे वळवलं.
"रिकामं आहे ओ," पाहुणे हसत म्हणाले.
"आसांदे. फोटो काढणारो कोणाचो तरी झील आसा."
झील म्हणजे मुलगा. पाहुण्यांचं हसू गेलं. मी बाबांकडे बघितलं, ते दुसरीकडेच बघत होते.

माझा पहिला छर्रा बरोबर मध्ये लागला, त्या दिवशी त्यांनी टार्गेटचा कागद उजेडात धरून बघितला. "बरा आसा" म्हणाले आणि बाहेर नळावर तोंड धुवायला गेले. बराच वेळ धूत होते.

नंतर मी स्पर्धा खेळले. काही जिंकले, बऱ्याच हरले. आता क्लबमध्ये मुलींची बॅच मी घेते.

मागच्या वर्षी घरी भाजी निवडताना मी विचारलंच.
"बाबा, तेव्हा रिव्हॉल्वर इतक्या घाईने का दिलंत? माझी भीती वाटली?"

हातातली शेंग मोडत म्हणाले, "घरात दोन माणसां, दोघांचाही काळीज फाटलेला. अशा घरात हत्यार ठेवूचा नसता."
मग पुढची शेंग उचलत,
"तुझ्यापेक्षा माझी भीती वाटली गो. माझो माका भरवसो नव्हतो."

इतकी वर्षं मला वाटत होतं, मी त्यांच्यासाठी थांबलेय. तेही माझ्यासाठी थांबले होते.

पावसाळ्यात छातीचं दुखणं वाढलं. शेवटचे दिवस हॉस्पिटलमध्ये गेले. बोलायला धाप लागायची, तरी संध्याकाळ झाली की मला हाताने खुणावायचे, जा, पोरी वाट बघत असतील.

आज स्मशानात अग्नी कोण देणार यावर जरा कुजबुज झाली. चुलत सासरे पुढे आले आणि म्हणाले, "सून देतली. त्याचीच तशी इच्छा होती."
मी दिला.

आता घरात भाऊ आहे. क्लबच्या मुली ओटीवर बसल्यात. शेजारच्या वहिनींनी पेज आणून दिली.

बाबा, मी जेवलंय.
माझी काळजी करू नकात. महेश भेटलो तर त्याका सांगा, मी बरी आसंय.

तुमच्या सुनेचो शेवटचो नमस्कार.