नदीकाठचा किल्ला आणि आजोबांची टेकडी

बाळांनो, परवा फोनवर कळलं की बेलव्ह्यूला तुम्ही दिवाळीचा किल्ला करायला घेतलाय. आजीकडच्या नदीकाठचा किल्ला करा ना, असं मी सुचवलं, तर थोरला म्हणाला, “आजी, देअर वॉज नो फोर्ट.” म्हणून आजच लिहायला बसले. तुमची माती ओली आहे तोवर हे पोचायला हवं. किल्ला होता.

उन्हाळ्यात तुम्ही आलात तेव्हा आपण गाडी नदीकाठी लावली. शेजारीच माहितीची पाटी होती. मी वाचायला थांबले, तर आजोबा म्हणाले, पाट्या येताना वाचू. जन्मभर सह्याद्रीतले गड चढून मग इथे अमेरिकेत आलेला माणूस. “किल्ला म्हटला की तो वरच असणार. खाली कोणी बांधतं का?” मग ऐन उन्हात दोन तास समोरची टेकडी चढलो. आजोबा आधी दरवाजा शोधत होते, मग बुरूज, मग निदान पाण्याचं टाकं. धाकटीला उचलून घ्यावं लागलं. वर गवताशिवाय काही नव्हतं. खाली येऊन पाण्याजवळच्या दगडांवर बसून थालीपीठ खाल्लं आणि पाटी न वाचताच घरी आलो, कारण आजोबा रुसले होते.

गेल्या आठवड्यात मी एकटी जाऊन पाटी वाचली. पाच मिनिटं लागली. अमेरिकी फौज बोटीने आली होती. पीठ, दारूगोळा, सगळं नदीतूनच यायचं, म्हणून सैनिकांनी काठावरच झाडं तोडली आणि थंडीच्या आत ओंडक्यांच्या खोल्या उभ्या केल्या. भोवती लाकडी कुंपण. ती जमीन मुळात ज्या इथल्या आदिवासींची होती, त्यांच्याबद्दल पाटीवर एकच ओळ आहे, याचाही मला राग आला. पुढे फौज हलली आणि आसपासच्या लोकांनी घरं बांधायला ओंडके नेले.

हे आजोबांना सांगितलं, तर म्हणतात, “खोल्यांना किल्ला म्हणायचं तर आपली सोसायटीही किल्लाच की.” तेव्हा त्यांना फोन करून काही विचारू नका. डोंगर नको, बुरूज नको. सपाट माती, काड्यांच्या खोल्या, काड्यांचं कुंपण आणि अगदी लागून नदी.

लाकूड सगळं गेलं. खोल्यांमधल्या धुराड्यांच्या पायाचे दगड तेवढे उरले आहेत. आपण जेवलो ते त्यांच्यावरच बसून.